चार वाकडे जेरीकॅन

सास्तूरच्या एक बाई आमच्या फिजिओथेरपीच्या मॅडमकडे येतात. मला झाला होता तोच आजार त्यांना झाला आहे. गेल्या शनिवारी त्या बाकावर माझ्या शेजारी बसल्या होत्या. हात मांडीवर, तळवे वर, दुसऱ्या कुणाचे तरी सांभाळायला घेतल्यासारखे. त्यांनी मला विचारलं, "बाई, खरं सांगता का? बोटं येत्यात का परत? घरात समदे म्हन्त्यात येतील, येतील. मला कुनी खरं सांगंना."

मी म्हटलं, "येतात. पण हे सगळे सांगतात तशी येत नाहीत."

तेवढ्यात मॅडमनी त्यांना आत बोलावलं आणि माझं बोलणं अर्धं राहिलं. उरलेलं इथं लिहिते आहे.

लॅबचा जिना

मी रेणुका. राहते जळकोटला, काम करते नळदुर्गच्या एका लॅबमध्ये. लोकांचं रक्त काढायचं आणि तपासायचं, हे माझं काम. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच. आईला सही येत नाही. अप्पा, म्हणजे माझे वडील, दहावी होऊन फौजेत गेले, सतरा वर्षं लष्कराचा ट्रक चालवला आणि परत येऊन घरची शेती बघू लागले. त्यांच्या पेन्शनवर मी बी.एस्सी. झाले, मग सोलापूरला राहून लॅबचा डिप्लोमा केला. त्यासाठी घरात कोणी काय काय सोडलं, हे मला माहीत आहे. म्हणूनच पुढचं सगळं जास्त लागलं.

माझा हात हलका आहे असं लोक म्हणायचे. सुकलेल्या म्हाताऱ्या माणसांची शीर डोळ्यांना दिसत नाही, बोटाला कळावी लागते. ती मला कळायची. दुसऱ्या लॅबमधून दोन-दोन वेळा टोचून घेतलेली माणसं आमच्याकडे यायची आणि "त्या जळकोटच्या बाई हायत का?" म्हणून विचारायची. माझ्याकडे मिरवण्यासारखं तेवढंच होतं.

गेल्या श्रावणात चार दिवस पोट बिघडलं. ते बरं झालं. आठवड्याने तळपायांना मुंग्या यायला लागल्या. मी दुर्लक्ष केलं. मग लॅबचा जिना चढताना गुडघा मुडपला. दुसऱ्या दिवशी भरलेली नळी हातातून सुटून फुटली. तिसऱ्या दिवशी सकाळी बाथरूममधून मला उठता येईना. आईला हाक मारली, तर आवाजही पुरा निघाला नाही.

सोलापूरच्या डॉक्टरांनी माझ्या गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. पाय हलला नाही. दुसऱ्या गुडघ्यावर मारली. तोही हलला नाही. मी डॉक्टर नाही, पण पाय हलायला पाहिजे होता एवढं मला कळत होतं. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, जीबीएस. मग अप्पांना समजावं म्हणून म्हणाले, "शरीराची स्वतःची फौज असते. ती कधी कधी चुकून स्वतःच्याच नसांवर हल्ला करते."

अप्पा खुर्चीत ताठ झाले. "आपल्याच मानसांवर, साहेब?"

"हो."

"आर्डर कुनी दिली?"

डॉक्टरांनी हातोडी टेबलावर ठेवली. "ते आम्हालाही नीट कळत नाही," म्हणाले. त्या दिवसात मला सर्वांत जास्त आधार त्या उत्तराचा वाटला. खोटं नव्हतं ते.

एका दमात किती

आयसीयूत दर काही तासांनी सिस्टर यायच्या आणि म्हणायच्या, "एका दमात आकडे म्हण." पहिल्या दिवशी मी अठ्ठावीसपर्यंत गेले. दुसऱ्या दिवशी एकोणीस. तिसऱ्या दिवशी तेरा. तेरा झाल्यावर सिस्टरनी फोन केला आणि माझ्या पलंगाशेजारी श्वासाचं मशीन आणून उभं केलं. लावलं नाही, नुसतं ठेवलं. भीती म्हटलं की मला अजून ते बंद मशीनच दिसतं. पाचव्या दिवशी पंधरा आकडे निघाले आणि ते मशीन ढकलत दुसऱ्या पलंगाकडे नेलं. मला बरं वाटलं. मग त्या पलंगावर कुणीतरी श्वासासाठी धडपडताना दिसलं आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

रोज सकाळी माझं रक्त घ्यायला एक नवीन टेक्निशियन यायची. तिला माझी शीर सापडायची नाही. ती कुठं आहे ते मला ठाऊक होतं, पण बोट करून दाखवता येत नव्हतं. ती घाबरून विचारायची, "दुखलं का?" मी म्हणायचे, "नाही." मीही एके काळी नवीन होते म्हणून. तिला माझ्या "नाही"चा काय उपयोग झाला, कोण जाणे. दुसऱ्या दिवशी ती त्याच जागी तशीच टोचायची.

तिथंच अप्पांनी परेड सुरू केली. फौजेत ड्रायव्हर सकाळी गाडी सुरू करायच्या आधी तेल, पाणी, टायर, दिवे असं सगळं बघतो. त्याला ते 'पहिली परेड' म्हणतात. भेटायची वेळ झाली की अप्पा पलंगाच्या पायथ्याशी उभे राहायचे.

"डावा अंगठा?"

"नाही."

"उजवा?"

"नाही."

"पाय?"

"थोडा."

मग बाहेर जाऊन आईला सांगायचे, "समदं ओके हाय."

आई म्हणायची, "कशाचं ओके? घास भरवायलेय मी तिला."

चांगली माणसंही भेटली. एका सिस्टरने ड्यूटी संपल्यावर थांबून माझे केस धुतले, जटा सोडवल्या, दोन वेण्या घातल्या. बावीस दिवसांत त्या एका तासापुरती मी पेशंट नव्हते.

घरी सोडायच्या आधी एका कागदावर माझी सही हवी होती. पेन बोटांतून गळत होतं. क्लार्कने शाईचं पॅड पुढे केलं. आईने माझा अंगठा धरला, पॅडवर टेकवला, कागदावर ठेवून किंचित फिरवला. तसं फिरवलं की ठसा पुरा येतो, ते तिला जन्मभराच्या सवयीने माहीत आहे. मग म्हणाली, "आता दोघी सारख्या झालो."

मला हसवायला म्हणाली होती. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही.

नाडीची गाठ

घरी आल्यावर बरं वाटेल असं मला वाटत होतं. घरी आल्यावर चीड यायला लागली.

हॉस्पिटलात सगळेच आजारी असतात. घरी मी एकटीच होते. सलवारीच्या नाडीची गाठ मला मारता येत नव्हती आणि सोडता तर मुळीच येत नव्हती. सत्ताविसाव्या वर्षी आईला हाक मारून बाथरूमच्या दाराशी उभं राहायचं. भाकरीचा तुकडा मोडता येत नव्हता. फोनवर बोट टेकवलं तर भलतंच उघडायचं. माशी नाकावर बसायची आणि हात उचलेपर्यंत ती तिचं काम उरकून गेलेली असायची.

भेटायला येणारे वेगळेच. आमच्या चुलत घरच्या काकी दर दोन दिवसांनी यायच्या. "माझ्या माहेरी एकीला असंच झालतं. तीन आठवड्यांत चालायली की. तू मनावर घीनास, रेणे."

एकदा अप्पा जेवता जेवता म्हणाले, "काकी, तिचं मन फिट हाय. वायरिंग गेलंय."

काकी चार दिवस आल्या नाहीत. ते चार दिवस बरे गेले.

पण अप्पांचीही चीड यायची. रोज सकाळी परेड, आणि परेडनंतर शेजारीपाजारी, दुकानात, फोनवर एकच रिपोर्ट: समदं ओके. मला ओरडावंसं वाटायचं की काही ओके नाही. मला एकच गोष्ट कळायला हवी होती: हे हात परत सुई धरतील का? ती गोष्ट मला कुणी सांगत नव्हतं, आणि मी कुणाला थेट विचारत नव्हते. लॅबच्या सरांनी माझी जागा ठेवली होती. किती दिवस ठेवतील, हेही विचारलं नव्हतं.

नागडी गाडी

आजाराच्या आधी मी अप्पांच्या साठीसाठी एक डबा मागवून ठेवला होता. त्यात लष्करी ट्रकचे सुटे भाग होते. जोडले की वीतभर लांब ट्रक होतो, खऱ्या गाडीच्या एकास पस्तीस मापाचा. साठी मी हॉस्पिटलात असताना होऊन गेली. नंतर आईला कपाटात डबा सापडला, तेव्हा अप्पांनी चष्मा लावून वरचं चित्र बराच वेळ बघितलं.

"ही आपली न्हाय," ते म्हणाले.

"तुमची इथं मिळत नाही, अप्पा. ही जवळची आहे."

"दिसायला बहीन हाय. पर परदेशी हाय. हिला म्होरं पान्याची कापडी पिशवी, छागल, कुठं हाय? मागच्या फळीला साखळ्या न्हाईत. जेरीकॅन न्हाईत. अशी नागडी गाडी गेटच्या भायेर सोडत न्हाईत."

त्याच सुमारास मी मॅडमकडे जायला लागले होते. रबरी चेंडू दाबून दाबून मला वीट आला होता, आणि तसं मी त्यांना सांगितलं. त्यांनी घरी काय आहे, काय नाही ते विचारलं. ट्रकचं ऐकल्यावर म्हणाल्या, "डब्यातले भाग जोडू नकोस, ते आयते आहेत. डब्यात नाहीत ते बनव. दर आठवड्याला तीच वस्तू बनवायची आणि शनिवारी मला दाखवायची. म्हणजे फरक कळेल."

डब्यातल्या मुख्य गाडीचा सांगाडा अप्पांनी दोन दिवसांत उभा केला. मी जेरीकॅन घेतला. डिझेल-पाण्याचा हा लोखंडी कॅन खरा असतो हातभर, आमच्या मापात तेरा मिलिमीटर उंच. अप्पांनी त्याचं चित्र काढून दिलं. बाजूला फुलीसारखी खाच, वर तीन दांडे.

"तीन कशाला म्हाईत हाय का? एकट्यानं उचलायचा तर मधला. दोघांनी उचलायचा तर कडंचे."

सामान घरातलंच. पत्र्यासाठी श्रीखंडाच्या डब्याचं पांढरं झाकण, दांड्यांसाठी जुन्या चार्जरमधली तांब्याची तार, कॅन गाडीला बांधायच्या पट्ट्यासाठी गोळ्यांच्या पाकिटाची चांदी. खाच पाडायला वाळलेली रिफिल.

पहिल्या जेरीकॅनला पाच दिवस लागले. मी ब्लेड सरळ रेषेवर ठेवायचे आणि ते आपल्या मनाने जायचं. तुकडा चिमटीत धरला की उडून पलंगाखाली जायचा. गोंदाने एकदा माझं बोट झाकणाला चिकटलं आणि आईने कोमट पाण्यात धरून सोडवलं. दोन वेळा मी सगळं भिंतीवर फेकलं. अप्पा गोळा करून आणायचे. त्या दिवसांत माझे डोळेही नीट मिटत नव्हते. त्यात मलम घालायचं, त्यामुळे सगळं दुधातून बघितल्यासारखं दिसायचं. कसाबसा उभा राहिलेला तो पांढरा तुकडा मी अप्पांकडे दिला. रंग द्यायचं काम त्यांचं ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो फौजी हिरवा होऊन आला. मी डोळ्यांजवळ धरला. कडा सरळ होत्या. दांडे उभे होते.

"रंग दिला की बरा दिसतो," मी म्हटलं.

"रंगानं लई फरक पडतो," अप्पा म्हणाले.

मॅडमनी पहिला बघून मान डोलावली. दुसरा, तिसरा बघून कौतुक केलं. चौथ्या शनिवारी त्यांनी माझी पकड मोजली, ती अजून कमीच होती. पण जेरीकॅन उलटासुलटा करत त्या म्हणाल्या, "पकड कमी आहे, तरी बारीक काम छान जमतंय. लॅबला अर्धा दिवस जाऊन बघ. हळूहळू घे." त्यांनी तसं पत्रही दिलं.

आई तेवढी म्हणाली, "भाकर मोडताना हात थरथरायलाय अजून. मला दिसतंय ना."

मी तिला म्हटलं, "तुला यातलं काय कळतं?"

हे वाक्य मी लिहिणार नव्हते. पण खरं सांगायचं ठरवलंय.

निळा डाग

लॅबमध्ये पहिलाच पेशंट सत्तरीचा शेतकरी होता. पूर्वी माझ्याकडे आलेला. मला बघून खूश झाला. "बाई आल्या. आता काळजी न्हाय."

मी त्याच्या कोपराच्या खळीत बोट ठेवलं. काही कळलं नाही. कातडी कळली, हाड कळलं, शीर कळली नाही. मला वाटलं, सवय गेली असेल. सुई घातली. ती थरथरली, आणि आत गेल्यावर कुठं गेली तेही मला समजलं नाही. मी ती किंचित मागे घेऊन फिरवली. असं फिरवायचं नसतं. दोन मिनिटांत त्याच्या हातावर लिंबाएवढी निळी गाठ आली.

तो म्हणाला, "आसू दे, माय. दुखलं न्हाय. ह्या हातावर घे."

मी दुसऱ्या हातावरही टोचलं. तिथंही तेच झालं. तेव्हा सरांनी माझ्या खांद्याला हात लावून मला बाजूला केलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

घरी येऊन मी ट्रक पुढ्यात ओढला. हात खोटे बोलत होते की हे जेरीकॅन, ते मला बघायचं होतं. पाचवा लगेच करायला घेतला. ब्लेड बोथट झालं होतं. अप्पा शेतात गेले होते, म्हणून नवं ब्लेड घ्यायला त्यांचा दाढीच्या सामानाचा पत्र्याचा डबा उघडला. ब्रशच्या खाली कापूस होता. कापसात चार पांढरे जेरीकॅन होते.

एकाचा कोपरा उघडा. एकाला दोनच दांडे. एक बाजूला कललेला. चौथ्यावर गोंदाचा ओघळ, त्यात माझ्या अंगठ्याचा ठसा. ते माझे होते. ट्रकवर लावलेले चारही अप्पांनी बनवले होते.

अप्पा आले तेव्हा मी ते चारही ओट्यावर मांडून बसले होते. त्यांनी पायातल्या वहाणा काढल्या नाहीत. तसेच उभे राहिले.

"का केलंत?"

"इन्स्पेक्शन असायचं ना शनवारी." ते खाली बघत होते. "साहेब बघाया यायच्या आधी गाडीत खोट राहू द्यायची न्हाय. रातभर जागून रंग मारायचो आमी. सतरा वर्सं एक शेरा न्हाय माझ्या गाडीवर."

"मी गाडी नाही, अप्पा."

"व्हय."

"आज एका म्हाताऱ्याचा हात सुजवून आले मी. दोन्ही हात."

ते खाली बसले. मग मी आईकडे वळले. "तुला माहीत होतं?"

"मला वाटलं तुलाबी म्हाईत हाय," आई म्हणाली. "भाकर मोडंना, आन् ते एवढं नीट कसं होतंय, ते तुला कळत नसंल का?"

मी त्या दिवशी अप्पांना खूप बोलले. ते इथं लिहीत नाही. पण आईचं वाक्य मला जास्त लागलं, कारण ते बरोबर होतं. तेरा मिलिमीटरच्या डब्याला सरळ कडा काढणाऱ्या बोटांना नाडीची गाठ सुटत नव्हती, आणि मला त्याचं नवल वाटलं नव्हतं. मला ते खरं हवं होतं, म्हणून मी नीट बघितलंच नाही. डोळ्यांतल्या मलमावर किती ढकलायचं?

कापसातला रिपोर्ट

शनिवारी मी तो पत्र्याचा डबाच मॅडमकडे नेला. सगळं सांगितलं. त्यांचाही चेहरा उतरला. "मी इथं, माझ्यासमोर करायला सांगायला हवं होतं," म्हणाल्या. मग त्यांनी ते चार वाकडे जेरीकॅन टेबलावर ओळीने ठेवले आणि मला विचारलं, "यातला पहिला कुठला आणि चौथा कुठला, हे अनोळखी माणसाला कळेल का?"

मी बघितलं. पहिल्याचा कोपरा उघडा होता. दुसऱ्याला दांडे दोनच. तिसऱ्याला तीन होते पण तो कलला होता. चौथा घाणेरडा होता, पण चारही कोपरे बंद आणि तीनही दांडे जागेवर होते.

"कळेल," मी म्हटलं.

"मग फरक पडतोय. मी दिलेल्या पत्रापेक्षा हळू पडतोय, एवढंच."

चार आठवडे सरळ जेरीकॅन बघून मला जे मिळालं नव्हतं, ते या वाकड्या रांगेत मिळालं. अप्पांनी ते फेकून दिले असते तर मला कधीच कळलं नसतं. मी घरी येऊन त्यांना विचारलं, का ठेवले? म्हणाले, "तू केलेलं कसं टाकू?"

रक्त काढायचं काम बंद झालं. सरांनी मला कागदकाम आणि मशीनचं काम दिलं, सुई नाही. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. मी मागच्या फळीची साखळी करायला घेतली. तांब्याची तार रिफिलभोवती गुंडाळायची, एकेक वेढा कापायचा, कडी दुसऱ्या कडीत अडकवायची. एक दिवस दोन कड्या व्हायच्या, एक दिवस एकही नाही. अठरा कड्यांना महिना गेला. या महिन्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. चीड होती, आणि कड्या होत्या.

अप्पा समोर बसायचे, पण हात मांड्यांखाली दाबून. एकदा माझी कडी चौथ्यांदा सुटली तेव्हा त्यांचा हात बाहेर आला, मी बघितलं, तो परत आत गेला. सकाळची परेड चालू होती, पण आता बाहेर जाऊन ते म्हणायचे, "दोन बोटं ओके. बाकी बाद." काकींना हे अशुभ वाटायचं.

साखळी लागल्यावर ते म्हणाले, "एक काम मी करू का? तुला इचारून."

"कोणतं?"

"मागच्या आसाच्या गोळ्याला पांढरा रंग."

मला ते माहीत नव्हतं. सीमेवर गाड्यांचा ताफा अंधारात दिवे बंद करून चालतो, तेव्हा प्रत्येक गाडीच्या पोटाखाली, मागची चाकं जोडणाऱ्या आसाच्या मधल्या गोळ्यावर पांढरा रंग दिलेला असतो आणि त्यावर एक बारका दिवा. मागच्या ड्रायव्हरला तेवढंच दिसतं. "रस्ता दिसत न्हाय, दरी दिसत न्हाय. त्यो पांढरा गोळा बघत जायचं. लांब बघाया गेलं की गाडी गेली."

त्यांनी माझ्यासमोर रंगवला. रंग कडेला सांडला. मी तो पुसला नाही.

दुसरा हात

सास्तूरच्या बाईंना सांगायचं राहिलं ते हे. आजार होऊन दहा महिने झाले. मी चालते, जिना चढते, पळता येत नाही. नाडीची गाठ सुटते. थंडीत बोटं बधिर होतात. डाव्या हाताची करंगळी अजून आलेली नाही, येईल असं मी म्हणणार नाही. आणि घरच्यांना एकच सांगा: तुमच्यासमोर खोटं ओके म्हणू नका. त्याने धीर येत नाही. चुकीच्या दिवशी चुकीच्या माणसाच्या हातात सुई जाते.

सुईचं शेवटी काय झालं, ते सांगते. सातव्या महिन्यात, माझ्यासमोर बसवून दोन शनिवार तपासल्यावर, मॅडमनी नवं पत्र दिलं. सर म्हणाले, पहिला पेशंट घरचा आणा, मी शेजारी बसतो. अप्पा उपाशीपोटी आले, साखर तपासायला.

मी दंडाला पट्टा बांधताना म्हटलं, "दुखलं तर दुखलं म्हणायचं."

"बरं."

"फौजी बनायचं नाही."

"बरं म्हनलं ना."

बोटाखाली काहीतरी सरकलं. मी सुई घातली. शीर बाजूला निसटली. अप्पांचा चेहरा तसाच होता, पण वहाणेतली बोटं आखडली होती. मी त्यांच्याकडे बघत राहिले.

"दुखलं," ते म्हणाले.

सत्तावीस वर्षांत मी त्यांच्या तोंडून हा शब्द ऐकला नव्हता. मी सुई काढली, कापूस दाबला. त्यांनी दुसऱ्या हाताची बाही वर केली. "हा घे. आता नीट बघून."

मी बराच वेळ नुसतं बोट ठेवून बसले. मग कातडीखाली ती लागली, ओल्या दोरीसारखी, दाबली की परत वर येणारी. सुई आत गेली. नळीत लाल धार उतरली.

"आता?"

"न्हाय दुखलं."

"खरं?"

"खरं. मगाशी दुखलं हुतं."

मी पट्टा सोडला, कापूस लावला, नळीवर कागद चिकटवून अप्पांचं नाव लिहिलं. अक्षर वाकडं आलं. सरांनी ते वाचलं आणि नळी मशीनकडे नेली.

ट्रक आता टीव्हीशेजारी आहे. त्यावर माझे चार जेरीकॅन लावले आहेत, वाकडे, अप्पांनी हिरवा रंग दिलेले, ओघळासकट. त्यांचे चार सरळ जेरीकॅन दाढीच्या डब्यात, कापसात आहेत.